मागच्या चाकाची रिम

रोड बाइकची मागची रिम बदलायची वेळ आली की बहुतेक जण आधी वजनाचा आकडा बघतात, मग रंग, मग कंपनीचं नाव. माझ्या मते या तिन्ही गोष्टी यादीत फार खाली यायला हव्यात. हब जुनाच राहणार असतो, फ्रेम तीच असते, ब्रेक तेच असतात, तुमचं वजन फारसं बदललेलं नसतं आणि रस्ते तर नाहीच नाही. या पाच गोष्टींनी निवडीचा मोठा भाग आधीच उरकलेला असतो. दुकानात शिरताना आपल्या हाती थोडंच उरतं. पण त्या थोडक्यात गडबड झाली, तर काही महिन्यांनी घाटात कुठेतरी ‘टण्ण’ असा आवाज येतो, मागचं चाक ब्रेकला घासायला लागतं आणि सर्वांत जवळचा सायकलवाला तिथून चाळीस किलोमीटरवर असतो.

या प्रकरणापुरती एक सायकल समोर ठेवू. रिमला धरणारे ब्रेक, ७००सी चाकं, १० किंवा ११ चकत्यांची कॅसेट, मागे ३२ स्पोकांचा हब आणि मागच्या ड्रॉपआउटमधलं अंतर १३० मिमी. डिस्क ब्रेक सर्रास होण्याआधी घेतलेल्या बहुतेक रोड बाइक अशाच आहेत, आणि पुण्या-मुंबईकडे, नाशकात, कोल्हापुरात २०० किंवा ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेटला, म्हणजे ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब सायकलफेरीला, आजही अशा सायकली दिसतात. स्वार ७५ किलोचा धरू. तो सुट्टीच्या दिवशी घाट चढतो, पावसाळ्यातही सायकल घरात ठेवत नाही, आणि सामानाची एक पिशवी मागे बांधतो.

आधी जुनी रिम खरोखर संपली आहे का ते बघायला हवं. अशा सायकलीत रिम हा झिजणारा भाग आहे. ब्रेकची रबरं झिजतात तशीच तीही झिजते, फक्त सावकाश. पुष्कळ रिमांवर ब्रेक घासतो त्या पट्ट्यावर एक बारीक खाच किंवा ठिपक्यासारखा खड्डा मुद्दाम केलेला असतो. तो दिसेनासा झाला की रिमचं आयुष्य संपलं. खूण नसेल तर स्टीलची छोटी पट्टी त्या पृष्ठभागावर आडवी धरायची आणि मागून उजेड बघायचा. पट्टीखाली मधोमध फट दिसली, तर भिंत आतल्या बाजूला खोलगट झाली आहे. नेमकं माप हवं असेल तर व्हर्नियर लागतो, पण त्याचा जबडा भिंतीला थेट टेकत नाही, कारण टायर अडकवण्यासाठी कडेला आतून ओठ असतो. त्यावर उपाय म्हणजे जुन्या स्पोकचा २ मिमी जाडीचा तुकडा आतून भिंतीला लावायचा, त्यासकट माप घ्यायचं आणि त्यातून २ वजा करायचे. नव्या रिमची भिंत साधारण दीड मिमी असते. एक मिमीच्या खाली गेली की ती रिम उतरवावी. आत ९०-१०० पीएसआय हवा भरलेली असते आणि ती भिंतीला सतत बाहेर ढकलत असते. पातळ झालेली भिंत शक्यतो हवा भरताना किंवा जोरात ब्रेक दाबताना फाटते, आणि यातली दुसरी वेळ बहुधा उतारावर येते.

थांबवण्याचं जास्त काम पुढचा ब्रेक करतो, तेव्हा पुढची रिम आधी झिजायला हवी. आपल्याकडे पुष्कळदा उलटं दिसतं. ‘पुढचा ब्रेक दाबलास तर तोंडावर पडशील’ हा सल्ला लहानपणी मिळतो आणि तो पन्नाशीपर्यंत बोटांत राहतो. त्यामुळे अख्खा घाट मागचा ब्रेक हलकासा धरून उतरला जातो. त्यात पावसाळ्यात पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मागच्या ब्रेकवर जाऊन बसतो, रबरात वाळूचे कण रुततात, आणि मग प्रत्येक ब्रेक म्हणजे पॉलिशपेपर फिरवणं होतं. पावसातल्या फेरीनंतर रिम आणि रबर नुसत्या पाण्याने धुतले तरी रिमचं आयुष्य बरंच वाढतं, पण ती सवय फार थोड्या लोकांना असते.

झीज सोडून आणखी दोन कारणांनी रिम बाद होते. एक म्हणजे स्पोकच्या छिद्राभोवती पडलेली केसासारखी भेग. ही बहुधा उजव्या बाजूच्या छिद्रांपाशी सापडते, आणि सापडली की चर्चा संपली. दुसरं म्हणजे खड्ड्यात बसलेला मार. चाक ‘आऊट’ मारतंय म्हणून लगेच रिम बाद ठरवू नये. सगळे निप्पल (स्पोकचं टोक रिममध्ये धरणारे छोटे नट) सैल करून रिम मोकळी होऊ द्यायची आणि सपाट काचेवर ठेवायची. मोकळी असताना ती काचेला सगळीकडून टेकली, तर दोष स्पोकांच्या ताणात होता. टेकली नाही, तर तिला जबरदस्तीने सरळ करण्यात अर्थ नाही. काही स्पोक फार घट्ट, काही फार सैल ठेवून ती चार दिवस सरळ दिसेल, पण मग स्पोक तुटायला लागतील.

रिम बाद झाली असं ठरलं, आता माप. इथे आपल्याकडे एक खास सापळा आहे. गल्लीतल्या दुकानात ‘अठ्ठावीसची रिम’ मागितली, तर जी मिळेल ती दूधवाल्याच्या काळ्या सायकलीची असेल. टायर जिथे बसतो तिथला तिचा व्यास ६३५ मिमी असतो. रोड बाइकच्या ७००सी रिमचा हाच व्यास ६२२ मिमी असतो, आणि जर्मनीसारख्या देशांत या ६२२च्या टायरवरही २८ हाच आकडा छापलेला असतो. मध्येच २७ इंची नावाचं जुनं माप आहे, ते ६३०. म्हणजे २७ हे जर्मन ‘२८’पेक्षा मोठं! उलट माउंटन बाइकवाले ज्याला २९ म्हणतात ते पुन्हा ६२२च. इंचांच्या या गोंधळात शिरण्यापेक्षा रिमवर किंवा टायरच्या कडेला छापलेला तीन आकडी अंक वाचावा. ‘६२२×१५’ असं लिहिलेलं असेल, तर ६२२ हा व्यास आणि १५ ही आतली रुंदी.

छिद्रांची संख्या हब ठरवतो. हबला ३२ असतील तर रिमला ३२. हबची ३६ आणि रिमची ३२ अशी सांगड घालणारे कारागीर आहेत, पण तो नाइलाजाचा खटाटोप आहे. तुमचा हब २४ किंवा २० स्पोकांचा असेल, म्हणजे कंपनीने तयार चाक विकलेलं असेल, तर गोष्ट वेगळी होते. त्या चाकाची रिम त्याच कंपनीची आणि खास त्याच्यासाठी केलेली असण्याची शक्यता जास्त, आणि ती मिळेनाशी झाली की चांगला हबही नुसता पडून राहतो. पुन्हा बांधता येईल असं चाक हवं असेल, तर ३२ किंवा ३६ स्पोकांचा साधा हब घ्यावा. हे मी नेहमी सांगतो आणि नेहमी जुन्या विचारांचा ठरतो.

यानंतर येतो ईआरडी हा आकडा. रिममधल्या निप्पलमध्ये स्पोकची टोकं जिथपर्यंत पोचायला हवीत, त्या वर्तुळाचा हा व्यास. टायरचा व्यास सगळ्या ७००सी रिमांना ६२२ असला, तरी ईआरडी प्रत्येकीचा वेगळा असतो, कारण तो रिम किती खोल आहे त्यावर ठरतो. माविकची जुनी ओपन प्रो ही उथळ, पेटीसारख्या छेदाची रिम. तिचा ईआरडी ६०२ मिमी. ३० मिमी खोल रिमचा तो ५८०च्या आसपास किंवा त्याहून कमी येतो. व्यासात २० मिमीचा फरक म्हणजे त्रिज्येत १०, आणि तेवढेच स्पोक आखूड लागतात.

साधारण मोजमापांचा हब घेऊन हिशेब करून दाखवतो. हबच्या चकतीवरच्या (जिथे स्पोक अडकतात ती; कॅसेटची चकती नव्हे) छिद्रांच्या वर्तुळाचा व्यास ४५ मिमी, रिमच्या मध्यरेषेपासून उजवी चकती १८ मिमीवर आणि डावी ३७ मिमीवर, ईआरडी ६०२, आणि प्रत्येक स्पोक तीन स्पोकांना ओलांडून जाणारा, म्हणजे थ्री-क्रॉस. उजवीकडे २९२ मिमीचे स्पोक लागतात, डावीकडे २९४चे. एक मिमी इकडेतिकडे चालतं. तीन मिमी चालत नाही, कारण मग निप्पल पुरेसा चढत नाही किंवा स्पोकचं टोक रिमच्या आत वर येतं. छोट्या गावांत काळ्या सायकलीचे स्पोक ढिगाने मिळतात, पण २९२ मिमीचा, मध्ये बारीक केलेला स्टेनलेस स्टीलचा स्पोक शोधायला मोठं शहर किंवा ऑनलाइन दुकान गाठावं लागतं. म्हणून जुन्या रिमच्या ईआरडीशी एक-दोन मिमीत जुळणारी नवी रिम मिळाली, तर निम्मं काम वाचतं.

कंपनीने छापलेल्या ईआरडीवर मी आंधळेपणाने विसंबत नाही, कारण तो मोजण्याच्या पद्धती एकसारख्या नाहीत. स्वतः मोजणं सोपं आहे. दोन जुने स्पोक घ्यायचे आणि आट्यांच्या टोकापासून नेमके २०० मिमी ठेवून कापायचे. त्यांवर निप्पल असे चढवायचे की स्पोकचं टोक निप्पलच्या खाचेच्या तळाशी येईल. मग ते समोरासमोरच्या छिद्रांतून घालायचे, आतल्या बाजूला ताणून धरायचे, आणि मधलं उरलेलं अंतर मोजून त्यात ४०० मिळवायचे. तीन ठिकाणी मोजून सरासरी काढली की झालं.

इथपर्यंतचं सगळं पुढच्या चाकालाही लागू पडतं. मागचं चाक वेगळं पडतं ते गिअरमुळे, आणि रिमची खरी निवड तिथे सुरू होते.

तारांच्या ताणावर उभं राहणारं चाक सायकलीपेक्षा जुनं आहे. इंग्लंडमधल्या जॉर्ज केलीला उडणाऱ्या यंत्रासाठी हलकी चाकं हवी होती, त्याने १८०८मध्ये अशा चाकाची कल्पना आपल्या वहीत मांडली. पॅरिसच्या युजीन मायरने १८६९मध्ये सायकलीसाठी तारांच्या चाकाचं पेटंट घेतलं, आणि कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने १८७४मध्ये स्पोक हबला तिरके, स्पर्शरेषेसारखे लावायची पद्धत नोंदवली. आजही आपण चाक बांधतो ते जवळजवळ तसंच. या सगळ्या चाकांत हब मधोमध होता. काळ्या सायकलीत मागे एकच फ्रीव्हील असतं, त्यामुळे तिथेही दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या राहतात. शिवाय मागे ४० स्पोक. दोन कॅन दूध आणि वर एक पोरगं घेऊन ते चाक वर्षानुवर्षं चालतं, यात नवल नाही.

मग गिअर वाढत गेले. मागे पाच चकत्या होत्या तेव्हा रोड बाइकच्या मागच्या ड्रॉपआउटमध्ये १२० मिमी जागा असे. सहा-सात झाल्यावर ती १२६ झाली, आठपासून १३०. तिथून नऊ, दहा आणि २०१२मध्ये शिमानोच्या ड्युरा-एसमध्ये अकरा चकत्या आल्या, पण जागा १३०च राहिली. चकत्या ठेवायला जागा हवी, म्हणून हबची उजवी चकती आत, मध्यरेषेकडे सरकवली गेली. रिम मात्र सायकलीच्या बरोबर मध्ये राहायला हवी. परिणामी उजवीकडचे स्पोक जवळजवळ उभे झाले आणि डावीकडचे छान पसरट राहिले. चाक बांधणारे याला डिश म्हणतात.

मांडवाच्या खांबाला दोन बाजूंनी दोर बांधले, एकाची खुंटी खांबाच्या बुडाजवळ आणि दुसऱ्याची लांब ठोकली, तर खांब सरळ ठेवायला जवळच्या खुंटीचा दोर कितीतरी जास्त ताणावा लागतो. मागच्या चाकात उजवे स्पोक म्हणजे तो जवळचा दोर. दोन्हीकडच्या ताणांचं गुणोत्तर साधारण अंतरांच्या व्यस्त प्रमाणात असतं. वरच्या उदाहरणात १८ भागिले ३७, म्हणजे जेमतेम ४९ टक्के. उजवीकडे १२० किलोचा ताण दिला (बहुतेक रिमांची कमाल मर्यादा याच आसपास असते) तर डावीकडे ५८ किलोच येणार. डावीकडे वाढवायला जाल तर रिम डावीकडे ओढली जाईल. मग उजवीकडे वाढवावं लागेल आणि रिमची मर्यादा ओलांडली जाईल. चांगला कारागीरही हे गणित बदलू शकत नाही.

कमी ताण का वाईट, हे समजायला जोब्स्ट ब्रँट आठवावा लागतो. कॅलिफोर्नियातल्या या अभियंत्याने १९८१मध्ये ‘द बायसिकल व्हील’ नावाचं पुस्तक लिहिलं आणि त्यात ठासून मांडलं की भाराखाली चाकात मुख्य बदल होतो तो जमिनीजवळच्या स्पोकांत. त्यांचा ताण कमी होतो. बाकीच्यांना भाराचा पत्ताही फारसा लागत नाही. आपल्या ७५ किलोच्या स्वाराचं, सायकलीचं आणि पिशवीचं मिळून ५० किलोच्या आसपास वजन मागच्या चाकावर येतं, आणि ते खालच्या चार-पाच स्पोकांच्या ताणातून वजा होतं. सपाट रस्त्यावर प्रत्येकी दहा-बारा किलो. ५८मधून एवढे गेले तर काही बिघडत नाही. पण खड्ड्यात चाक जोरात आदळलं की हा आकडा कितीतरी पटींनी वाढतो, आणि डावा स्पोक क्षणभर पूर्ण सैल पडू शकतो. सैल पडला की त्याचा निप्पल स्वतःहून फिरू लागतो, आणि हबपाशी जिथे स्पोक वळतो तिथे तो मागेपुढे वाकतो. ७००×२५च्या टायरवर चाकाचा एक फेरा साधारण २.१ मीटरचा होतो. २०० किलोमीटरच्या एका ब्रेव्हेटमध्ये चाक ९५ हजार वेळा फिरतं, आणि प्रत्येक स्पोक तितक्या वेळा सैल होऊन पुन्हा ताणला जातो. एकाच झटक्यात स्पोक क्वचित तुटतो. तो अशा मोजणीने थकून तुटतो. मागच्या चाकात डावीकडचे स्पोक तुटत असतील तर बहुधा हेच कारण असतं. उजवीकडचे तुटत असतील, तर आधी बघावं की कधी चेन कॅसेटच्या मागे पडून तिने स्पोकांवर ओरखडे काढले होते का.

आता रिम निवडण्याकडे या. पुढच्या चाकाला जी रिम शोभते ती मागे का पुरत नाही, ते यातून दिसतं. मागे रिम ताठ हवी. ताठ रिम जमिनीचा धक्का चार स्पोकांऐवजी सहा-सात स्पोकांत वाटून देते, मग एकेका स्पोकचा ताण कमी उतरतो. शिवाय तिला उजवीकडचे १२० किलो सोसायचे असतात. ३२ स्पोकांचा एकूण ताण काढला, तर १६ गुणिले १२० अधिक १६ गुणिले ५८ म्हणजे अठ्ठावीसशे किलोच्या वर जातो. हे सगळं आत ओढणं रिमच्या कड्याला दाबून ठेवतं, आणि त्या कड्यात सतत साडेचारशे किलोच्या आसपासचा दाब असतो, सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली असतानाही.

दुसरी गोष्ट, छिद्रं मध्यरेषेपासून सरकवलेली रिम. तिला ऑफसेट किंवा असममित रिम म्हणतात. तिच्यात स्पोकांची छिद्रं डाव्या बाजूला दोन-तीन मिमी हललेली असतात. दिसायला ही क्षुल्लक गोष्ट, पण हिशेब करून बघा. ३ मिमी सरकवलं तर उजवी चकती छिद्रांपासून १८ऐवजी २१ मिमीवर जाते आणि डावी ३७ऐवजी ३४वर. गुणोत्तर ४९ टक्क्यांवरून ६२वर. उजवीकडे तेच १२० किलो ठेवून डावीकडे आता ७४ किलो मिळतात. हब तोच, स्पोक तेवढेच, वजन तेवढंच, आणि डाव्या स्पोकांना सोळा किलोंची उसंत मिळाली. वेलोसिटीची ए२३ ही रिम साध्या छिद्रांची मिळते आणि ऑफसेटही, इतर काही कंपन्याही अशा रिम करतात. मिळत असेल तर मागच्या चाकाला मी डोळे झाकून ऑफसेट घेईन. फक्त बांधताना ती उलटी बसवली, तर सगळा फायदा तोट्यात जातो. छिद्रं कॅसेटच्या विरुद्ध बाजूला हवीत.

वजनाबद्दल सायकलवाल्यांमध्ये एक समज पक्का रुजलेला आहे, की फिरणारं वजन ‘अनेक पटींनी’ जाणवतं. भौतिकशास्त्र इतकंच सांगतं की वेग वाढवताना रिमवरचा एक ग्रॅम दोन ग्रॅमांसारखा वागतो, कारण तो पुढेही जातो आणि फिरतोही. एकसारख्या वेगाने घाट चढताना तो एकच ग्रॅम असतो. ४६०ऐवजी ४०० ग्रॅमची रिम घेतली, तर वेग वाढवताना १२० ग्रॅमचा फायदा, घाटात ६०चा. बाटलीत अर्धा कप पाणी कमी भरलं तरी तेवढं वजन वाचतं. त्या ६० ग्रॅमांच्या धातूने मात्र मागच्या रिमला ताठपणा दिलेला असतो, ब्रेकच्या भिंतीला जाडी दिलेली असते, छिद्राभोवतीच्या भागाला जीव दिलेला असतो. हलकी रिम हवीच असेल तर ती पुढे लावावी, तिथे ओझंही कमी आणि दोन्ही बाजूंचा ताणही समान. पुढे आणि मागे वेगळ्या रिम लावायला लोक उगीच कचरतात.

हलकेपणाचं वेड मात्र नवं नाही. १९३४ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या आंतोनिन माग्नने माविकच्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूच्या रिम लाकडासारख्या रंगवून वापरल्या, अशी कथा ती कंपनी आजही अभिमानाने सांगते. तेव्हाच्या नियमांना लाकडी रिमच मंजूर होत्या. त्या काळात एका रिममागे काहीशे ग्रॅमांचा फरक पडत होता, त्यासाठी रंगरंगोटी करणं मी समजू शकतो.

रंगाचा विषय निघालाच आहे, तर काळ्या रिमबद्दल. गडद, कडक अ‍ॅनोडायझिंग केलेल्या रिम १९८०च्या दशकात फार लोकप्रिय झाल्या. माविकची चंदेरी एमए२ आणि तिच्याच छेदाची गडद एमए४० या दोन्ही रस्त्यावर होत्या, आणि ब्रँटचा आग्रह होता की गडद थर ठिसूळ असतो, त्यात पडलेली भेग पुढे धातूत उतरते आणि स्पोकच्या छिद्राभोवती रिम फुटते. आजच्या बहुतेक काळ्या रिमांवर ब्रेकचा पट्टा यंत्रावर घासून उघडा केलेला असतो आणि रंगाचा थरही पातळ असतो, तेव्हा ती भीती पूर्वीइतकी राहिलेली नाही. तरी सारख्याच दोन रिम समोर असतील तर मी चंदेरी उचलतो. तिच्यावर भेग लवकर दिसते.

कार्बन रिमला रिम-ब्रेक, हे आपल्या घाटांसाठी मला पटत नाही. ब्रेकची उष्णता अ‍ॅल्युमिनियम चटकन पसरवतं आणि हवेला देऊन टाकतं. कार्बनच्या धाग्यांना धरून ठेवणारी रेझिन उष्णता साठवते आणि एका मर्यादेपलीकडे मऊ पडते. आंबोली किंवा वरंधा घाट ब्रेक धरून उतरणाऱ्या जड स्वाराने तो प्रयोग करू नये. तुमची सायकल डिस्क ब्रेकची असेल तर हा परिच्छेद आणि झिजेचा सगळा भाग विसरा. तिथे रिम घासलीच जात नाही, आणि मार बसला नाही तर ती हबपेक्षाही जास्त टिकू शकते. पण मग डिस्कसाठीच्या रिमला ब्रेकचा पट्टाच नसतो, म्हणून ती चुकूनही रिम-ब्रेकच्या सायकलीला लावू नये.

रुंदीच्या बाबतीत काळ बदलला आहे आणि या बदलाच्या बाजूने मी आहे. पूर्वीच्या १५ मिमी आतल्या रुंदीच्या रिमवर २३चा टायर बसे. आता १७ ते १९ मिमीची रिम आणि २५ किंवा २८चा टायर हे सर्वसाधारण झालं आहे. टायर रुंद रिमवर जास्त फुगतो, हवा थोडी कमी ठेवता येते आणि खड्ड्यांचा मार रिमपर्यंत कमी पोचतो. पण विकत घेण्याआधी फ्रेमकडे बघा. १९च्या रिमवर २५चा टायर प्रत्यक्षात २७च्या आसपास भरतो. जुन्या फ्रेममध्ये चेनस्टेपाशी किंवा ब्रेकच्या कमानीखाली तेवढी जागा नसेल, तर चिखलाचा एक गोळा चाक अडवायला पुरतो. आतल्या कडेला ओठच नसलेल्या, म्हणजे हुकलेस रिम हल्ली दिसतात. त्या फक्त त्यांना चालणाऱ्या ट्यूबलेस टायरसाठी असतात आणि त्यांत ५ बारपेक्षा, म्हणजे सुमारे ७२ पीएसआयपेक्षा, जास्त हवा भरायची नसते. पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसरने हवा भरून घेणाऱ्याने त्या टाळाव्यात.

बाकीचं थोडक्यात. रिमचा सांधा वेल्ड केलेला असो की आतून पिनांनी जोडलेला, नीट केलेले दोन्ही चालतात. वेल्डच्या सांध्यावर ब्रेक जरा गुळगुळीत लागतो, इतकंच. छिद्रांना धातूच्या कडा, म्हणजे आयलेट, असतील तर निप्पल फिरवताना घर्षण कमी होतं, पण नसले म्हणून रिम कमी ताकदीची असते असं नाही. व्हॉल्व्हचं भोक बारीक प्रेस्टाचं आहे की जाड, ते बघून घ्या. आणि निप्पल पितळेचेच. अ‍ॅल्युमिनियमच्या निप्पलांनी वाचणारे काही ग्रॅम कोकणच्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत वसूल होतात. ते रिममध्ये असे जाम होतात की पुढच्या वेळी आऊट काढताना किल्ली फिरवली की डोकंच तुटतं.

तर आपल्या ७५ किलोच्या स्वारासाठी माझी निवड अशी: ३२ छिद्रं, दुहेरी भिंतीची अ‍ॅल्युमिनियम रिम, खोली २० ते २५ मिमी, वजन ४५० ते ५०० ग्रॅम, आतली रुंदी १७ किंवा १८, मिळाली तर ऑफसेट. डीटी स्विसची आर ४६० किंवा एच प्लस सनची आर्किटाइप याच घराण्यातल्या. स्वार ९० किलोच्या वर असेल किंवा दोन्ही बाजूंना पिशव्या लावून लांब जाणार असेल, तर ५०० ग्रॅमच्या वरची टूरिंगची रिम आणि शक्य असल्यास ३६ स्पोकांचा हब. ५५ किलोच्या स्वाराला ४२० ग्रॅमची रिमही पुरेल.

जुन्या आणि नव्या रिमचा ईआरडी जुळत असेल, तर चाक पूर्ण उसवायची गरज पडत नाही. जुन्या चाकाचे सगळे निप्पल आधी थोडे-थोडे सैल करायचे, म्हणजे रिमवर एका ठिकाणी ताण साचणार नाही. मग नवी रिम जुनीच्या शेजारी, व्हॉल्व्हचं भोक भोकाला लावून, चिकटपट्टीने तीन-चार ठिकाणी बांधायची. उजव्या-डाव्या छिद्रांचा क्रम दोन्हीकडे सारखा आहे ना, ते आधी ताडून बघायचं. त्यानंतर एकेक स्पोक जुन्या रिममधून काढून नव्या रिमच्या त्याच छिद्रात घालायचा, आटीला थेंबभर तेल लावून. सगळे बदलले की जुनी रिम अलगद निघून येते. हे जुने स्पोक चांगल्या स्टेनलेस स्टीलचे असतील आणि त्यांतला एकही तुटलेला नसेल तरच वापरावेत. तीन तुटून बदललेले असतील, तर उरलेले एकोणतीसही त्याच वयाचे आहेत, तेव्हा नव्या रिमबरोबर नवे स्पोक घ्या.

ताण हळूहळू, अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने वाढवायचा आणि उजवीकडचा आधी मर्यादेपर्यंत न्यायचा. डावीकडचा मग डिश बरोबर येईल तितकाच ठेवायचा, तो आपोआप कमी येतो. शेवटी समांतर जाणाऱ्या स्पोकांच्या जोड्या हातमोजे घालून मुठीत घट्ट आवळायच्या, चाकभर. त्याने स्पोकांचे वळणापाशी अडकून राहिलेले ताण निघून जातात आणि ते हबच्या छिद्रात नीट बसतात. ब्रँट यावर फार भर देत असे. आवळल्यावर चाक पुन्हा थोडं आऊट होईल, ते काढा. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर ते एकदा पुन्हा तपासा. नंतर रिमटेप बसवण्याआधी कायम शाईच्या पेनाने रिमच्या आत ईआरडी, दोन्ही बाजूंच्या स्पोकांची लांबी आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या वेळी ही रिम झिजेल, तेव्हा हब बहुधा हाच असेल.